पायांनी तुडवलेले तळे

पालघर, ३ एप्रिल

गौरवग्रंथाच्या संपादक मंडळाची मी आधी क्षमा मागते. भास्करभाई राऊत यांच्या अमृतमहोत्सवानिमित्त लेख द्यावा, असा निरोप मला दिवाळीच्या सुमारास आला होता. नंतर स्मरणपत्रेही आली. एकदा तर संपादक स्वतः पालघर स्टेशनच्या पुलावर समोर उभे राहिले आणि "लिहिते आहे" असे म्हणून मी घाईने जिना उतरले. मी लिहीत नव्हते. गप्प बसले होते.

त्याचे कारण असे. ज्या कामामुळे आपण सगळे भाईंना ओळखतो, ते उमरोळी आणि बेटेगाव यांच्यामधल्या निसर्ग केंद्रातले पाणथळ राहणार की बुजवले जाणार, हे यंदाच्या शिमग्याला ठरायचे होते. ग्रामसभेची अट सरळ होती. धुळवडीच्या दिवशी नव्या तळ्यात पाणी असेल तर जागा केंद्राकडे राहील. नसेल तर तिथे भराव टाकून वाहने उभी करायची सोय होईल. भाईंच्या साऱ्या निवृत्तीतली मेहनत त्या एका दिवसावर टांगलेली असताना गौरव कसा लिहावा, ते मला कळेना. पाणी राहिले तर आनंदाचा लेख आणि आटले तर सांत्वनाचा, असे दोन लेख डोक्यात तयार होत आणि दोन्ही खोटे वाटत. भाई तर दोन्हींत तेच असणार होते. माणसाची थोरवी पाण्याच्या पातळीवर ठरते का, असे मी स्वतःला पुष्कळदा विचारले. ठरू नये, हे उत्तर मला माहीत होते, तरी हात चालला नाही. आता शिमगा होऊन गेला आहे. जे झाले ते क्रमाने लिहिते.

भाईंची माझी पहिली भेट झाली तेव्हा ते जमिनीवर पालथे झोपलेले होते. मी बोईसरला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. पक्षी पाहण्याची हौस आहे. उमरोळीजवळ गावच्या गुरचरणात एक जुने तळे पुन्हा जिवंत करायचे चालले आहे, असे ऐकून एका रविवारी दुर्बीण गळ्यात अडकवून गेले. पाहते तो पक्षी एकही नाही, आणि डबराच्या ढिगाशेजारी एक गृहस्थ हनुवटी मातीला टेकवून एका पारदर्शक नळीतल्या पाण्याकडे रोखून बघत आहेत. गवंडी पातळी पाहायला वापरतात तशी ती लांब नळी. मी जवळ जाऊन नमस्कार म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही.

"आलात? ते दुसरं टोक धरा. त्या खुंटीपाशी. वर नको, खाली. अजून खाली. हां, हलू नका."

मी हलले नाही. उन्हे डोक्यावर येईपर्यंत खुंटीपासून खुंटीपर्यंत ते टोक धरून फिरले. शेवटी ते उठले, कोपरांची माती झटकली आणि म्हणाले, "बरं, तुम्ही कोण? सावंतांनी पाठवलेली मुलगी ना?"

मी म्हटले, मला कोणीच पाठवलेले नाही.

"मग सकाळपासून नळी कशाला धरलीत?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून."

यावर ते इतके मोकळे हसले की मलाही हसू आवरेना. त्यांनी डब्यातली अर्धी भाकरी आणि सुकटीची चटणी माझ्यापुढे केली. भाईंच्या सहवासात आलेल्या बहुतेकांची कथा थोडीफार अशीच आहे. आपण कोण, हे त्यांना सांगायच्या आधी हातात काहीतरी आलेले असते.

भाई मूळचे उमरोळीचे. घरची भातशेती, थोडी वाडी. तारापूरच्या औद्योगिक पट्ट्यात एका कारखान्याच्या पाणी शुद्धीकरण विभागात त्यांची सारी नोकरी गेली. पर्यवेक्षक म्हणून ते निवृत्त झाले. घाण पाणी यंत्रातून स्वच्छ कसे होते हे त्यांना पाठ होते. निवृत्तीनंतर तेच काम गवताकडून करून घ्यावे, असे त्यांच्या मनाने घेतले. गुरचरणाला लागून एक पाडा आहे. तिथल्या हातपंपाजवळ धुण्याभांड्यांचे पाणी रस्त्यावर साचे. भाईंनी त्या पाण्याला चर काढून दिला, चरात आधी खडी, मग वाळू, त्यावर लव्हाळा आणि पाणकणसाची लागवड केली. वर्षभरात चराच्या शेवटी येणारे पाणी निवळ दिसू लागले. मी ते आमच्या प्रयोगशाळेत तपासायला नेऊ का, असे विचारले तर म्हणाले, "जरूर ने. आणि वाईट निघालं तर आधी मला सांग, चांगलं निघालं तर आधी पाड्यावर सांग." पाणी पिण्याजोगे नव्हते, पण झाडांना आणि माशांना पुरेसे चांगले होते. मी पाड्यावर आधी सांगितले.

त्यांच्या स्वभावातला हा भाग मला फार शिकवून गेला. चांगली बातमी ज्यांची त्यांच्याकडे आधी जायला हवी, आणि वाईट बातमीला आपण पुढे व्हायचे. त्याची परीक्षा लवकरच झाली. चराचे पाणी आणि पावसाचे पाणी मिळून ज्या मोठ्या तळ्यात साठायचे, ते पहिले तळे फसले. यंत्राने खणले, तळाला चिकणमाती पसरली, रूळ फिरवून घट्ट दाबली. कडा अशा रेखीव की बघणाऱ्याने पट्टी लावावी. पावसात ते काठोकाठ भरले, आम्ही पेढे वाटले, आणि दिवाळीत तळाला भेगा पडल्या. ग्रामसभेत त्यावरून बरीच थट्टा झाली. भाई उभे राहिले आणि म्हणाले, "आखणी माझी होती. माती कोरडीच दाबली, ती चूकही माझी. उतार उभे ठेवले, म्हणून पक्षीही आले नाहीत. मला अजून एक साल द्या."

तेव्हा उपसरपंच जयवंतशेठ यांनी ती शिमग्याची अट घातली. इथे जयवंतशेठांवर अन्याय होऊ नये म्हणून सांगते, त्यांची मागणी अवाजवी नव्हती. गावातल्या कितीतरी मुलांनी टेम्पो घेतले आहेत. ते रात्री आळीत उभे राहतात. मागच्या वर्षी एका बाळंतिणीची रिक्षा टेम्पोंमुळे अडली होती. गावाला जागा हवी होती आणि भेगाळलेला खड्डा ही त्यांना आयती जागा दिसत होती. "भाई," ते म्हणाले होते, "तुमी मोठे. पन पानी राहिलं तर तळं, नाय राहिलं तर खड्डा. खड्ड्याला आमी हार घालनार नाय." भाईंनी अट तिथल्या तिथे मान्य केली. 

दुसऱ्या वेळी भाईंनी यंत्र काठावरच थांबवले. कडा तिरक्या आणि वाकड्यातिकड्या करून घेतल्या, काही ठिकाणी घोट्याएवढे उथळ, मध्ये एक खोल डोह. खणणारा चालक उत्तरेकडचा तरुण होता, रामसजीवन. त्याला हे वाकडे काम पटेना. "चाचा, सीधा काटूँ तो लोग तारीफ करेंगे. ये टेढ़ा काहे?" भाई त्याला म्हणाले, "बगळे को पूछो. उसका पैर सीधा है, इसलिए उसको किनारा टेढ़ा माँगता है." रामसजीवनने डोके हलवले आणि खरोखरच वाकडे खणले.

उरला तळाचा प्रश्न. भाई म्हणाले, भाताच्या खाचरात पाणी का राहते? आपण चिखलणी करतो, पाय आणि बैल माती ओली असताना तुडवतात, तिची छिद्रे बुजतात. तळ्यालाही तेच हवे. ओल्या चिकणमातीचा थर, त्यावर पाय. पुन्हा थर, पुन्हा पाय. पण पाय कुठून आणायचे? आम्ही रविवारचे कार्यकर्ते. पहिल्या रविवारी तासाभरात आमच्या पोटऱ्या भरून आल्या आणि तळ्याचा एक कोपरा कसाबसा तुडवून झाला. वैशाख सुरू होता. पावसाआधी काम झाले नाही तर साल गेले.

तेव्हा मला एक कल्पना सुचली आणि ती मला फारच चांगली वाटली. पाड्यावर तारपा नाच होतो. तारपा म्हणजे भोपळ्याचे लांब वाद्य, त्याच्या सुरावर माणसे साखळी धरून गोल फिरतात, पाय आपटतात. तो नाच तळ्यात करावा! मी भाईंना सांगितले. ते म्हणाले, "मला वाटत नाही जमेल. पण ही तुझी कल्पना आहे, तूच विचार. मी बरोबर येतो."

पाड्यावर लाडक्यादादा अंगणात बसून टोपली विणत होते. थोडी वरकस जमीन, पावसाच्या भरवशावर नाचणी आणि भात, आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचे, असे त्यांचे वर्ष. मी माझी कल्पना मोठ्या उत्साहाने मांडली. त्यांनी ऐकून घेतले आणि बायकोकडे वळून म्हणाले, "आयकलंस? बाईला वैशाखात तारपा पायजे."

घरातून हसणे ऐकू आले.

"का हो दादा? काय चुकलं?"

"नवा भात आल्याबिगर तारपा वाजत नाय, बाई. आत्ता फुकला तर पीक रुसंल. तुमच्या हापिसात वैशाखात दिवाली करता काय?"

मी ओशाळले. भाई चुलीजवळच्या मांजराला गोंजारत बसले. मग लाडक्यादादांनीच विचारले, की हे तुडवायचे आहे तरी किती? भाईंनी टोपलीतल्या कामट्यांनी जमिनीवर तळे मांडून दाखवले, कुठे उथळ, कुठे खोल. दादांनी बराच वेळ पाहिले.

"तारपा नाय," ते म्हणाले. "पन माझ्या पोरीचं लगीन हाय. लग्नात ढोल वाजतो. ढोलाला बंदी नाय."

आता मी उडीच मारणार होते, पण भाईंनी हात वर केला. "दादा, लगीन पोरीचं आहे. तिला विचारल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. आणि धवलेरीलाही विचारा. तिला पटलं तरच."

लग्न लावणारी, लग्नाची गाणी म्हणणारी बाई ती धवलेरी. ती शेजारीच राहते. ती आली आणि उंबऱ्याशी टेकूनच निर्णय दिला. "लगीन मांडवात लागंल. देवाचं तिथंच व्हईल. नंतर नाच कुठंबी नाचा, तळ्यात नाचा नायतर झाडावर." नवरी, सुगंधा, बोईसरला शिवणकामाला जाते. तिने भाईंना वेगळी अट घातली.

"तुमी नाचाल काय, भाई?"

"माझा गुडघा, पोरी..."

"मग नाय. माझ्या लग्नात सगळी चिखलात आन् तुमी काठावर खुर्चीत?"

भाई म्हणाले, "नाचेन."

ते लग्न ज्यांनी पाहिले ते अजून त्याबद्दल बोलतात. सकाळी मांडवातले विधी झाले, जेवणे झाली, उन्हे कलल्यावर ढोल तळ्याकडे निघाला. आम्ही दुपारपासून माती भिजवून ठेवली होती. आधी पाड्यावरची मुले उतरली, मग नवऱ्याकडची मंडळी जरा बिचकत, चपला हातात घेऊन. ढोल चढला आणि बिचकणे संपले. एकमेकांच्या कमरेला हात घालून रांगा फिरू लागल्या, पाय घोट्यापर्यंत मातीत जात, चपक आवाज करून बाहेर येत. रामसजीवन सुट्टी असूनही आला होता. काठावरून ओरडला, "चाचा, तालाब में शादी! गाँव में बताऊँगा तो कोई मानेगा नहीं!" लाडक्यादादांच्या बायकोने त्याचा हात धरून त्याला आत ओढले, आणि मग तो सर्वांत शेवटी बाहेर आला. सुगंधाने नवी साडी बदलून जुनी नेसली होती. तिने भाईंना रांगेत आपल्या शेजारी घेतले. भाई एका पायावर जोर देऊन नाचत होते. त्यांच्या पत्नी शैलजावहिनी काठावर उभ्या राहून हसत होत्या आणि मधूनच म्हणत होत्या, "गुडघा उद्या माझ्याकडे मागू नका म्हणावं."

पाहुण्यांना गोडी लागली आणि नाच दुसऱ्या दिवशीही झाला. धवलेरी स्वतः म्हणाली, मधला डोह राहिलाय, तिथे माती अजून मऊ आहे. तळ असा तयार झाला.

भाईंच्या कामात मला सर्वांत मोठे काय वाटते, असे कोणी विचारले तर मी हा प्रसंग सांगते. गुरचरणाजवळच्या पाड्याला त्या तळ्यातून तेव्हा काही मिळत नव्हते. भाईंनी मदत मागितली नव्हती, विचारले होते. आणि नकार मिळाला असता तर तो त्यांनी त्याच चेहऱ्याने घेतला असता. मी तसा घेतला असता का, याची मला खात्री नाही.

पावसाळ्यात नाल्याला पूर आला आणि त्याचे पाणी एका बाजूने तळ्यात शिरले. भाईंनी सातपाटीहून जुनी, टाकून दिलेली जाळी आणली होती आणि गवताची मुळे धरेपर्यंत तिरक्या काठांवर पांघरून खुंट्या मारल्या होत्या. ज्या कोळणीने जाळी दिली ती भाईंना म्हणाली होती, "आमी जाल्यात मासे धरतो, तुमी माती धरताय. बघा कोनाला जास्त मिलते." काठ वाहून गेले नाहीत. भाद्रपदात पाण्यात बुड्या मारणाऱ्या टिबुकल्या दिसल्या, मग कमळपक्षी, कार्तिकात शेकाट्यांची एक जोडी त्या उथळ भागात लांब लाल पाय टाकत फिरू लागली. मी तेव्हा दुर्बीण लावून काठावर बसत असे आणि भाई नळी लावून.

याच दिवसांत माझी आई गेली. मी केंद्रात जायचे बंद केले. लोक भेटायला येत, बोलत. मला काही ऐकू येत नसे. एके संध्याकाळी भाई आणि वहिनी पालघरला माझ्या दारात उभे राहिले. भाईंच्या हातात बादली होती. बादलीत कुमुदाचे कंद.

"यांना तिकडे जागा नाही सध्या," भाई म्हणाले. "गॅलरीत ठेव. रोज पाणी बदल. पूर्ण सावलीत नको, कडक उन्हात नको."

"भाई, मला आत्ता..."

"माहीत आहे. पण यांना कळत नाही ना ते."

वहिनींनी चहा केला, भांडी घासून ठेवली आणि दोघे शेवटच्या शटल गाडीने परत गेले. मी रोज पाणी बदलले. काही दिवसांनी एका कंदाला कोवळे पान आले, तेव्हा फोन करून सांगितले. भाई म्हणाले, "घेऊन ये." तळ्यावर गेल्यावर दिसले, की कुमुदांसाठी राखलेली जागा केव्हाचीच तयार होती.

माघ संपता संपता पाणी उतरू लागले. वारा कोरडा होता. उथळ भाग उघडे पडले, काठ भेगाळले, आणि डोहाभोवती पाण्याचा एक आकसत जाणारा तुकडा राहिला. जयवंतशेठ मोटारसायकल थांबवून विचारत, "काय भाई, किती राहिलं?" आणि भाई खरे तेच सांगत. पाणी तळातून जात नव्हते, हे भाईंना दिसत होते. ते उन्हात उडत होते. पण ग्रामसभेच्या अटीत पाणी कुठून गेले याला जागा नव्हती. पाणी आहे की नाही, एवढेच.

शिमग्याला आठवडा उरला तेव्हा केंद्राची बैठक झाली. एकाच्या ओळखीचा टँकरवाला होता. पहाटे एक टँकर सोडला तर कोणाला कळणारही नाही, असे त्याने हळूच सुचवले. आमच्यापैकी कोणीही नको म्हणाले नाही. सगळे भाईंकडे पाहत राहिले.

"टँकरनं भरलं तर तो हौद झाला," भाई म्हणाले. "हौद राखायचा असेल तर गावानं माझ्या शब्दावर कशाला राहायचं? गाड्याच उभ्या करू दे."

"पण भाई, इतकं सगळं केलं ते?"

"केलं ना. मग आता बघू या ते कसं झालंय."

धुळवडीच्या सकाळी अर्धे गाव काठावर आले. कोणाचे गाल गुलाबी, कोणाचे केस हिरवे. जयवंतशेठ पांढऱ्या शुभ्र कपड्यांत आले होते. त्यांच्या कपाळावर गुलालाचे एक बोट होते, तेवढेच. त्यांनी तळ्याकडे पाहिले. मध्यभागी खोलीचा अंदाज न येणारे, मातकट, हिरवट असे काहीतरी चमकत होते.

"हे पानी नाय," ते म्हणाले. "हा चिखल."

"चिखल नाय, पानी हाय!" पाड्यावरची मुले ओरडली.

"अरे चिखल! बघा, मी चालून दाखवतो."

"जयवंत, तिकडून नको," भाई म्हणाले. "डोह आहे तिथं."

"भाई, आता घाबरवू नका." आणि जयवंतशेठ निघाले. पहिली काही पावले ठीक गेली. मग एक पाय घोट्यापर्यंत, दुसरा पोटरीपर्यंत, आणि पुढच्याच पावलाला ते गुडघ्याच्या वर आत. चप्पल तळाला राहिली. पाय निघेना. माणसे हसू लागली. तेवढ्यात जयवंतशेठ एकदम किंचाळले.

"अरे! अरे पायाखाली काय वलवलतंय! साप हाय, साप!"

त्यांच्या पायापासून एक वळसा निघाला, पाणी फुटले आणि हाताएवढी काळी मरळ सपकन उसळून पुन्हा डोहात गेली.  त्या तळ्यात मासे कोणी सोडले नव्हते. नाल्याच्या पुराबरोबर आलेली पिल्ले डोहात राहून मोठी झाली होती.

लाडक्यादादा शांतपणे म्हणाले, "मरळ चिखलात उडी मारते होय, शेठ?"

"हाय बाबा, पानी हाय! लिहा, पानी हाय! पन मला आधी भायेर काढा!"

बांबू आणले, रामसजीवन आणि पाड्यावरची मुले यांनी त्यांना ओढून काढले. सगळे हसत होते, जयवंतशेठही. पण भाई हसणाऱ्यांत नव्हते. ते पायजमा वर करून आत उतरले होते आणि चिखलात हात घालून जयवंतशेठांची चप्पल शोधत होते. सापडली. डोहाच्या कडेला धुऊन त्यांनी ती आणून दिली.

मग ते म्हणाले, "जयवंत, चल. तुला एक जागा दाखवायची आहे." गुरचरणाच्या रस्त्याकडच्या बाजूला एक उंच, मुरमाड पट्टी आहे. गेला सारा हिवाळा भाईंनी तिथे नळी लावून पातळ्या घेतल्या होत्या. पावसाचे थेंबभरही पाणी तिथे साचत नाही, टेम्पो सहज उभे राहतील, वळायला जागा आहे. खुंट्यासुद्धा मारून ठेवल्या होत्या.

जयवंतशेठ ओल्या पायजम्याने खुंट्या पाहत उभे राहिले. "हे आधी का नाय सांगितलं तुमी?"

"आधी सांगितलं असतं तर तळं वाचवायला केलंय असं झालं असतं. तळं आटलं असतं तरी ही जागा मी तुला दाखवणारच होतो. मग तू दोन्हीकडे गाड्या लावल्या असत्यास."

"नसत्या लावल्या," जयवंतशेठ म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "कदाचित लावल्या असत्या." आणि दोघेही हसले. पुढच्या ग्रामसभेत तळे केंद्राकडे ठेवण्याचा ठराव जयवंतशेठांनीच मांडला. टेम्पो आता मुरमाड पट्टीवर उभे राहतात.

हे सगळे लिहून झाल्यावर मी पुन्हा वाचले. भाई किती थोर, असे कुठेच स्पष्ट लिहिले नाही, हे माझ्या लक्षात आले. विशेषणे शोधून पाहिली. "निःस्वार्थी" लिहिले आणि खोडले, कारण भाईंना स्वार्थ आहे. त्यांना त्या तळ्यात पाणी हवे असते, अगदी हट्टाने. "तपस्वी" लिहिले आणि खोडले, कारण तपस्वी माणसे सुकटीची चटणी अशी मिटक्या मारत खात नाहीत. राहू दे. या ग्रंथातले इतर लेखक ती उणीव भरून काढतील.

भाईंना पंच्याहत्तरावे वर्ष लागले आहे. त्यांना दीर्घ आयुष्य लाभावे, त्यांची नजर आणि भूक आहे तशी राहावी, वहिनींची थट्टा त्यांना अजून पुष्कळ वर्षे ऐकायला मिळावी, असे मी मनापासून इच्छिते. ते ज्या मातीत पाय टाकतात तिथे पाणी टिकते, हे आम्ही पाहिले आहे. त्या पायांनाही टिकवणे आता आमच्याकडे आले आहे. गुडघ्याच्या डॉक्टरांनी चिखलात उतरायला बंदी केली आहे आणि वहिनींनी त्यांचे गमबूट तांदळाच्या पिंपामागे लपवले आहेत. त्याचा परिणाम एवढाच झाला आहे की भाई अनवाणी उतरतात. सध्या पाणी कमी आहे, म्हणजे डोहाकडे सरकलेले पाणकणीस कापायची हीच वेळ. नाहीतर पावसाळ्यात ते सारे तळे गिळून टाकेल. उद्या सकाळी ते कापायचे ठरले आहे. काल फोनवर त्यांनी मला सांगितले, "तुम्ही सगळे सावकाश या. मी विळा घेऊन जरा पुढे होतो."

उद्याचे काम: भाईंच्या आधी तळ्यावर पोहोचणे.